गाडीच्या बाजूला काय बसवावं? फूटबोर्ड, स्लायडर, फ्लॅप, साईड गार्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना संपत आला की आमच्या गॅरेजच्या फोनवर दोन तऱ्हेचे फोटो येऊ लागतात. एकात नवी कोरी थार असते आणि खाली लिहिलेलं असतं, "दादा, हिला साईडला काय शोभेल?" दुसऱ्यात ट्रकचा वाकलेला साईड गार्ड असतो आणि खाली, "परवा पासिंग आहे, काय करू?" (पासिंग म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी.) दोघांनाही वर्षानुवर्षं तीच उत्तरं देतोय, म्हणून एकदाची लिहून काढली. जीप-एसयूव्हीवाल्यांनी सुरुवातीपासून वाचा. ट्रक-टेंपोवाले थेट प्रश्न १५ वर गेले तरी चालेल, पण ७ आणि ८ त्यांच्याही कामाचे आहेत.

१. साईड स्टेप, फूटबोर्ड, नर्फ बार, रॉक स्लायडर ही एकाच वस्तूची नावं आहेत का?

नाही, पण बाजारात चारही एकाच नावानं विकल्या जातात. फूटबोर्ड म्हणजे चपटी लांब पायरी, बहुतेक अ‍ॅल्युमिनियमची, कडेला प्लास्टिक. नर्फ बार म्हणजे गोल पाइप, त्यावर पाय ठेवायला दोन पॅड. दोन्ही माणसाचं वजन पेलायला केलेले असतात. रॉक स्लायडर गाडीचं वजन पेलायला केलेला असतो. तो दिसायला नर्फ बारसारखाच, पण आतून वेगळा. ओळखायचं असेल तर खाली वाकून ब्रॅकेट कुठे जातोय ते बघा. पत्र्याला गेला तर पायरी, चासीला (गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्याला) गेला तर पुढचं बोलू. दुकानात विचारायचा सोपा प्रश्न: "याच्याखाली जॅक लावून गाडी उचलली तर चालेल का?" उत्तराची सुरुवात "अहो, तसं काय..." अशी झाली की ती पायरी आहे.

२. माझी स्कॉर्पिओ-एन रोज मुलुंड ते बीकेसी जाते, वर्षातून दोनदा कोकण. स्लायडर घेऊ का?

नको. फूटबोर्ड घ्या. स्लायडरच्या जोडीचं वजन सहज तीस-चाळीस किलो भरतं आणि ते तुम्ही वर्षभर सिग्नलला उभं करून पेट्रोल जाळत वाहणार. कोकणात डांबरी रस्त्यानं घरापर्यंत जाणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. कर्जत, इगतपुरीच्या बाजूला मित्रांबरोबर दगडातून गाडी घालत असाल तर गोष्ट वेगळी. आम्ही प्रत्येकाला तीनच गोष्टी विचारतो. गाडीत कोण चढतं? खालून काय लागतं? रात्री गाडी कुठे उभी राहते? शेवटच्या प्रश्नाला लोक हसतात, पण प्रश्न २१ वाचा.

३. आईचे गुडघे दुखतात, थारमध्ये चढताच येत नाही. पायरी किती उंचीवर असावी?

इमारतीच्या जिन्याची पायरी साधारण १५ ते १८ सेंटिमीटर असते. थारच्या दाराचा उंबरा त्याच्या तिपटीहून वर. म्हणून कुठलीही एक पायरी लावून जिना होत नाही, दोन मोठ्या पायऱ्या होतात. त्या दोन शक्य तितक्या सारख्या असाव्यात. जमीन ते उंबरा मोजा आणि पायरी मधोमध येते का बघा. पुष्कळ नर्फ बार दिसायला छान म्हणून उंबऱ्याला चिकटून वर बसवतात. तिथे आईचा पाय आधी पोचतच नाही.

रुंदीसुद्धा बघा. अख्खं पाऊल मावलं पाहिजे, चवडा नव्हे. पावसात ओल्या चपलेनं पाय घसरतो तो गुळगुळीत स्टीलच्या पाइपवर, म्हणून वर खरखरीत रबर किंवा उठावाचा पत्रा हवा. आणि हाताला धरायला आतल्या खांबावर हँडल नसेल तर आधी ते बसवून घ्या. गुडघेदुखीवाल्यांना पायरीइतकाच हाताचा आधार लागतो, हे आम्हाला आमच्याच काकूंनी शिकवलं. तीन दारांच्या थारमध्ये मागची मंडळी पुढची सीट वाकवून डाव्या दारानंच आत जातात, तेव्हा पायरी त्या दाराच्या मागच्या कडेपर्यंत लांब असू द्या.

४. चांगला रॉक स्लायडर ओळखायचा कसा?

आधी माझी फजिती सांगतो. पहिल्या जीपला मी जाड, चकचकीत पाइप लावून घेतला होता. विकणाऱ्यानं सांगितलं "स्लायडर आहे", मीही मानलं. एका ओढ्यात उजव्या बाजूनं गाडी दगडावर बसली, पाइप वर वाकला आणि दाराच्या खालच्या कडेत रुतला. दार उघडेना. डाव्या दारानं बाहेर पडलो आणि घरापर्यंत तसाच आलो. पाइप जाडच होता, खोट नव्हती. पण तो तीन छोट्या पट्ट्यांनी उंबऱ्याच्या पत्र्याला आवळलेला होता. दगडाचा धक्का पाइपनं पत्र्यालाच नेऊन दिला.

तेव्हा पहिली गोष्ट, पाय चासीला गेले पाहिजेत, बॉडीला नव्हे. प्रत्येक बाजूला किमान तीन पाय, आणि चासीला टेकणारी प्लेट रुंद, त्रिकोणी आधारासकट. पाइपची जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास हवी. कापलेलं टोक दाखवायला सांगा, रंगावरून कळत नाही. बाहेरचा पाइप जमिनीला समांतर नसून थोडा वर उचललेला असावा, म्हणजे झाडाचा बुंधा किंवा दगड दारापासून लांब ढकलला जातो.

एक गोष्ट फार थोडे लोक बघतात. लॅडर फ्रेमच्या, म्हणजे शिडीसारखी वेगळी चासी असलेल्या, गाडीत बॉडी चासीवर रबराच्या माउंटवर बसलेली असते, खडबडीत रस्त्यात ती चासीच्या तुलनेत हलते. स्लायडर चासीबरोबर राहतो, उंबरा बॉडीबरोबर. म्हणून दोघांत बोटभर फट ठेवावीच लागते. "फट वाईट दिसते, जवळ घ्या" असा आग्रह ग्राहक करतात आणि महिनाभरात कर्रकर्र आवाज आल्याची तक्रार घेऊन येतात.

५. क्रेटा किंवा एक्सयूव्ही ७०० ला स्लायडर बसतो का?

खरा बसत नाही. या गाड्या मोनोकॉक आहेत, म्हणजे वेगळी चासीच नाही, बॉडीचा पत्राच सांगाडा आहे. स्लायडरचा धक्का झेलायला जाड पट्टा नाही. उंबऱ्याखालच्या वेल्डच्या शिवणीला ब्रॅकेट चिमटून काही जण देतात. पाय ठेवायला ठीक, दगडाला नको. थार, जिम्नी, गुरखा, स्कॉर्पिओ-एन, बोलेरो, हायलक्स, व्ही-क्रॉस या लॅडर फ्रेमच्या. मोनोकॉकवाल्यांनी फूटबोर्डवर समाधान मानावं.

६. पायरी लावल्यावर ग्राउंड क्लिअरन्स कमी होतो का?

ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे जमिनीपासूनच्या उंचीचा आकडा बहुतेक वेळा तोच राहतो, कारण तो डिफरेन्शियलसारख्या (चाकांच्या मधल्या गिअरच्या गोळ्यासारख्या) सर्वांत खालच्या भागाचा असतो. थारचा कंपनीनं सांगितलेला आकडा २२६ मिलिमीटर, जिम्नीचा २१०. कमी होतो तो रॅम्पओव्हर कोन, म्हणजे उंचवट्यावर गाडीचं पोट टेकण्याचा कोन. थारचा २७ अंश, पाच दारांच्या जिम्नीचा २४. पोट जितकं लांब, तितका हा कोन अपुरा. थारच्या चाकांमधलं अंतर २,४५० मिलिमीटर, जिम्नीचं २,५९०, तर थार रॉक्सचं २,८५०. रॉक्सवाल्यांनी खाली लोंबणारी पायरी लावायच्या आधी हे लक्षात घ्यावं. सोसायटीच्या कुणी उत्साहानं बांधलेल्या स्पीडब्रेकरवर भरलेल्या गाडीची पायरी घासल्याचे फोटो आम्हाला दर महिन्याला येतात.

आखडून घेतली जाणारी, इलेक्ट्रिक मोटारवर आत जाणारी पायरी यावर उत्तम तोड आहे, पण मुंबईच्या चिखलाच्या पाण्यात तिचे सांधे जाम होतात. आठवड्याला धुऊन ग्रीस लावायची तयारी असेल तरच घ्या.

७. स्टेनलेस की पावडर कोटेड? दुकानदार चुंबक लावून "बघा, चिकटत नाही, ३०४ आहे" म्हणतो.

चुंबकाची परीक्षा अर्धीच आहे. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण स्वस्त २०२ ला सुद्धा चिकटत नाही. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, आणि खाऱ्या हवेत ते ३०४ च्या खूप आधी तांबूस पडतं. उलट चांगल्या ३०४ चा पाइप वाकवला की वाकवलेल्या जागी चुंबक थोडा ओढला जातो, आणि लोक उगाच घाबरतात. फरक करायचा तर दोन्हींमध्ये भेद दाखवणारं रसायनाचं थेंब-किट मिळतं, तेच वापरा. बिलावर ग्रेड लिहून घ्या. लिहायला नकार आला तर उत्तर मिळालं.

वर्सोवा, वरळी, मढ या बाजूला गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर ३०४ वर सुद्धा चहासारखे डाग पडतात. ते गोड्या पाण्यानं धुतल्यानं आटोक्यात राहतात. ३१६ जास्त टिकतं, पण पायरीसाठी कुणी एवढे पैसे घालावेत असं मला वाटत नाही. माझं मत विचाराल तर साधं लोखंड, नीट साफ करून फॉस्फेट केलेलं (गंज रोखणारा रासायनिक थर दिलेलं) आणि वर पावडर कोट. टवका उडाला तर पुन्हा रंगवता येतं. फक्त पाइपची टोकं बंद आणि तळाला पाणी निघायला बारीक भोक आहे ना, एवढं बघा. भोक नसलेला पाइप वरून काळा कुळकुळीत राहतो आणि आतून सडतो.

८. बसवल्यानंतर काय काळजी घ्यायची?

पाचशे किलोमीटर झाले की सगळे नटबोल्ट पुन्हा आवळून घ्या. नवीन ब्रॅकेट रंगाच्या थरावर बसतो, थर दबला की बोल्ट सैल होतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ (ही ताकदीची खूण) कोरलेलं असावं. काहीच कोरलेलं नसेल तर तो कपाट जोडायचा बोल्ट आहे. अ‍ॅल्युमिनियमची पायरी स्टीलच्या बोल्टला थेट टेकली आणि त्यात खारं पाणी शिरलं की अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजतं. मधे नायलॉनचा वॉशर घातला की काम झालं. पावसाळाभर ब्रॅकेट आणि चासी यांच्या मधल्या खाचेतला चिखल पाण्याच्या फवाऱ्यानं काढत राहा. तिथला गंज पायरीपुरता थांबत नाही, चासीपर्यंत जातो.

९. भोकं पाडावी लागतात का? गॅरेजवाला वेल्डिंग करू म्हणतोय.

चासीवर वेल्डिंग नको. उष्णतेनं त्या पट्टीचा पोलाद कमकुवत होतो, आणि तडा पुढे वेल्डच्या कडेनंच जातो. कंपनीनं ठेवलेल्या भोकांतून बोल्टनं बसणारंच सामान घ्या. दुसरा इलाजच नसेल आणि गाडीवर कुठेही वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडा, नाहीतर कंट्रोल युनिट जळायची भीती.

दार, उंबरा आणि मधला खांब यात ड्रिल चालवू नका. बाजूच्या एअरबॅगचे सेन्सर खांबात किंवा दारात असतात, वायरिंग उंबऱ्यातून जातं. भोक पाडणाऱ्याला आत काय आहे ते दिसत नाही.

१०. हे सगळं कायदेशीर आहे का? पोलीस पकडतील का?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की गाडी कंपनीच्या मूळ तपशिलापासून बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हीच गोष्ट ठामपणे सांगितली. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ नुसार नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढच्या बुलबारबद्दल (बंपरवरच्या लोखंडी पाइपांबद्दल) तर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं सगळ्या राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं.

फूटबोर्ड गाडी कंपन्या स्वतःच शोरूममध्ये विकतात. त्यामुळे कंपनीचं अ‍ॅक्सेसरी, बोल्टनं बसवलेलं, बिलासकट असेल तर आम्ही निर्धास्त बसवतो. स्लायडर, फ्लेअर (चाकाच्या कमानीवरची रुंद पट्टी), स्नॉर्केल (इंजिनाची हवा वरून घेणारी नळी) हे बाहेरचं सामान असेल तर तसा दिलासा देत नाही. तुमच्या आरटीओत, ताडदेव असो, अंधेरी, वडाळा की बोरिवली, आधी विचारून घ्या. आमचा स्वतःचा एक नियम आहे. टायरच्या बाहेर काही येता कामा नये, आणि टोकदार कोपरा कुठेही नको. मुंबईच्या गर्दीत दुचाकीवाला तुमच्या गाडीला घासूनच पुढे जातो. त्याची पोटरी कुठे लागेल याचा विचार बसवणाऱ्यानंच करायचा असतो.

११. रुंद टायर टाकलेत, आता व्हील आर्चला फ्लेअर लावले की झालं ना?

अर्धं झालं. टायर कमानीबाहेर आला की तो चिखल आणि खडी थेट दारावर, मागच्या काचेवर आणि शेजारच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर फेकतो. फ्लेअर ते थांबवतं. पण गाडीची रुंदी वाढते, आणि टायरचा आकार बदलणं हा प्रश्न १० मधल्या बदलांत मोडतो. टायर न बदलता नुसतं शोभेसाठी फ्लेअर लावणार असाल तर त्याच्या आतल्या कडेला पाणी आणि माती साचते एवढं ध्यानात ठेवा. स्क्रूचं फ्लेअर घेतलंत तर पत्र्यातल्या प्रत्येक भोकाला गंजरोधक लावून मगच स्क्रू आवळा.

१२. मडफ्लॅप किती लांब असावा?

चारचाकीला टायरच्या मागून उडणारं पाणी अडेल एवढाच. फार लांब लावला की रिव्हर्स घेताना टायर आणि फुटपाथच्या कडेत सापडून फाटतो, आणि जाताना क्लिपही उपटतो. कडक प्लास्टिकपेक्षा लवचीक रबर चांगलं.

१३. डोअर व्हायझर आणि साईड बीडिंग पावसात निघून येतात. काय चुकतं?

लावायची वेळ आणि साफसफाई. व्हायझर (खिडकीवरची पावसाची पट्टी) आणि बीडिंग (दारावरची संरक्षक पट्टी) दोन्ही दुहेरी टेपवर बसतात. खाली मेण, पॉलिश किंवा ओल असेल तर टेप धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं जागा पुसा, पूर्ण वाळू द्या, दाबून बसवा आणि पहिले तीन दिवस धुऊ नका. टेपला पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास लागतात. म्हणून जुलैत उघड्यावर व्हायझर लावून घेऊच नका. मे महिन्यात या, नाहीतर छपराखाली कोरड्या दिवशी. काचेच्या खाचेत अडकणारा व्हायझर घेतलात तर काच शेवटपर्यंत जाते ना आणि बोट अडकल्यावर उलट खाली येते ना, हे तपासून घ्या.

बीडिंगबद्दल एक गोष्ट सांगायला मला आवडते: मुंबईत सगळ्यात जास्त पैसे वसूल करणारी वस्तू तीच आहे. पण ती दाराच्या मधोमध सरळ रेषेत लावायची नसते. पार्किंगमध्ये शेजारी कोणाची गाडी उभी राहते ते बघा, तिच्या दाराची सगळ्यात बाहेरची कड किती उंचीवर येते ते मोजा आणि तिथे लावा.

१४. स्नॉर्केल लावला की पाण्यातून गाडी काढता येईल ना? आमच्याकडे हिंदमाता दरवर्षी भरतं.

स्नॉर्केल इंजिनाची हवा घ्यायची जागा वर नेतो, एवढंच. गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलचे ब्रीदर (हवा जायची तोंडं), अल्टरनेटर, दाराचं रबर, सीटखालची वायरिंग हे सगळं जिथल्या तिथे राहतं. थार पाण्यातून किती जाईल याचा कंपनीचा आकडा ६५० मिलिमीटर आहे, आणि स्नॉर्केलनं तो वाढला असं समजू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता; त्या रात्री ज्यांनी गाडी सोडून चालत घर गाठलं ते शहाणे ठरले. वाहत्या पाण्यात गाडी तरंगते, तिथे नळीचा उपयोग नाही.

आणि विकत घेताना टोपण काढून बघा. बाजारात फेंडरला नुसता चिकटवलेला, एअर बॉक्सशी (हवेच्या फिल्टरच्या डब्याशी) जोडलेलाच नसलेला शोभेचा स्नॉर्केल भरपूर मिळतो. पुष्कळांचा सांधा तकलादू असतो. पाणी तिथूनच शिरतं आणि मालक वर बघत बसतो.

१५. ट्रकला साईड गार्ड कोणाला सक्तीचा आहे?

एकूण वजन साडेतीन टनांच्या वरच्या मालवाहू गाड्यांना, म्हणजे एन-२ आणि एन-३ गटाला, आणि त्यांच्या मोठ्या ट्रेलरना. मानक आयएस १४६८२. टाटा एस, बोलेरो पिकअप या साडेतीन टनांच्या आतल्या गाड्या यात येत नाहीत. ट्रेलर ओढणाऱ्या हॉर्सची गोष्ट वेगळी, पण मागच्या ट्रेलरला गार्ड हवाच.

हा गार्ड ट्रकचं रक्षण करायला नाही. दुचाकीवाला किंवा पायी माणूस पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे पडला तर तो मागच्या चाकाखाली जाऊ नये म्हणून आहे. त्यामुळे खालची कड गुडघ्याच्या आसपासच असली पाहिजे. मानकात जास्तीत जास्त ५५० मिलिमीटर. "रस्ता खराब, गार्ड घासतो" म्हणून वर उचलून बांधलेले गार्ड आम्ही रोज बघतो. तो गार्ड राहत नाही, कठडा होतो.

१६. गार्ड वाकलाय, परवा पासिंग आहे. वेल्डरकडून पाइप लावून घेऊ?

पासिंगपुरता लावून नंतर काढायचा, असा बेत असेल तर आमच्याकडे येऊ नका, एवढं स्पष्ट सांगतो. खरंच दुरुस्त करायचा असेल तर चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका, उभ्या भागातल्या कंपनीच्या भोकांतून बोल्ट घ्या. नव्या मालवाहू गाडीला पहिली दोन वर्षं फिटनेस असतो, मग आठ वर्षं होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. तारीख अचानक येत नाही हो.

१७. बीएस-६ ट्रकला गार्ड लावला आणि आता युरियाची टाकी उघडत नाही. काय करू?

हल्ली ही तक्रार फार. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ ट्रकला चासीच्या बाजूला निळ्या टोपणाची डीईएफची (धूर साफ करणाऱ्या युरियाच्या द्रावाची) टाकी आली, त्याशिवाय बॅटरीचा डबा, हवेच्या टाक्या, डिझेल टाकी. गार्ड त्यांच्यासमोरून जात असेल तर तिथे बिजागरीचा, वर उचलला जाणारा भाग करून घ्या. सायलेन्सरजवळ प्लास्टिकचं पॅनल लावू नका. धुराचा फिल्टर स्वतःची काजळी जाळतो तेव्हा ती जागा प्रचंड तापते. सीएनजी गाडीत सिलिंडर बाजूला असेल तर जवळपास वेल्डिंगचा विषयच काढू नका.

१८. रेडियम पट्टी बाजूला कुठल्या रंगाची?

पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. नुसता चमकणारा स्टिकर नव्हे, एआयएस-०९० मानकाची खूण छापलेली टेपच. फाळक्यावर बसवताना दोरीचे हूक टेपवरून जाणार नाहीत ते बघा, नाहीतर माल बांधायच्या दोरीनंच सहा महिन्यांत ती सोलून निघते.

१९. क्लिनर ठेवत नाही. डावीकडचं काही दिसत नाही, कुठला आरसा लावू?

मोठा नको, वेगळा हवा. सपाट आरशाखाली एक छोटा फुगीर आरसा आणि दाराच्या वर, खाली फुटपाथकडे बघणारा तिसरा. फुगीर आरशात गोष्टी असतात त्यापेक्षा लांब दिसतात, म्हणून पहिले काही दिवस रिकाम्या गाडीवर सवय करा. ट्रकची कायद्यानं रुंदी २.६ मीटर, आणि त्यात आरसा मोजत नाहीत, पण वडाळ्याच्या गल्लीत आरसाच आधी तुटतो, तेव्हा दुमडणारा घ्या. कॅमेरा लावणार असाल तर लेन्स पुसायला चढायची सोय ठेवा. चिखलानं माखलेले कॅमेरे आम्ही जितके पाहिलेत तितके फुटलेले आरसे पाहिले नाहीत.

२०. अंदाजे किंमत सांगा ना. आणि कुर्ल्यात स्वस्त मिळतं ते घेऊ का?

फोनवर किंमत सांगत नाही, कारण पत्र्याची जाडी आणि ग्रेड ठरल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चांगलं आणि वाईट दोन्ही शेजारी-शेजारी मिळतं. प्रश्न ४ आणि ७ वाचून जा, हातात घेऊन वजन करा. चोरबाजारात जुन्या मूळ कंपनीच्या पायऱ्या मिळतात, त्या कधीकधी नव्या नकलेपेक्षा बऱ्या. बरोबर सगळे ब्रॅकेट आहेत का ते मोजा. एक ब्रॅकेट नसला की सौदा फुकट. ट्रकच्या गार्डसाठी कळंबोलीत विचारा.

२१. सोसायटीत स्टॅक पार्किंग आहे. त्याचा साईड स्टेपशी काय संबंध?

स्टॅक पार्किंगमध्ये गाडी वर-खाली नेणाऱ्या लोखंडी ताटाच्या, म्हणजे पॅलेटच्या, दोन्ही बाजूंना उभ्या कडा असतात, टायर त्यांच्या मधेच बसतात. खाली लोंबणारी पायरी कधी त्या कडेवर टेकते, कधी ऑपरेटर उतरायला दार उघडतो आणि दाराची कड खांबाला लागते. पायरी घ्यायच्या आधी पॅलेटची आतली रुंदी आणि कडेची उंची मोजून आणा. कमिटीच्या कागदावरचे आकडे नकोत, टेप घेऊन मोजलेले हवेत. या एका कारणासाठी आम्ही दोन गिऱ्हाइकांना पायऱ्या परत काढून दिल्या आहेत.

२२. इलेक्ट्रिक गाडीला फूटबोर्ड बसतो का?

कंपनीचा असेल आणि तिच्या दिलेल्या भोकांत बसत असेल तरच. बॅटरी बहुधा गाडीच्या फ्लोअरखाली उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत पसरलेली असते. तिथे ड्रिल लावणाऱ्या माणसाला आधी हटवा, मग आम्हाला फोन करा.

२३. अपघातात पायरी तुटली तर विमा पैसे देतो का?

पॉलिसीत वेगळी नोंद असेल तर. कंपनीच्या किमतीत न धरलेलं सामान जाहीर करावं लागतं. विजेवर चालणाऱ्या वस्तूंसाठी आयएमटी-२४ हे वेगळं कलम आहे, साध्या लोखंडी सामानाची किंमत वेगळी लिहून घेतात. इलेक्ट्रिक पायरी पहिल्यात मोडते. नूतनीकरणाच्या वेळी बिल एजंटला द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून भागत नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचा वेगळा भाग लागतो, स्नॉर्केल असो वा नसो.

२४. गाडी विकायची आहे. स्लायडर काढून ठेवू की तसंच देऊ?

पुढचा मालक दगडात जाणार असेल तरच त्याचे पैसे देईल. बाकीच्यांना ते ओझं. बोल्टनं बसवलेलं असेल तर काढून वेगळं विका, जास्त मिळतात. मूळ प्लास्टिकची क्लॅडिंग (बाजूचं आवरण) आणि क्लिपा बसवायच्या दिवशीच पिशवीत घालून माळ्यावर ठेवायच्या असतात. नव्वद टक्के लोक त्या तिथेच गॅरेजमध्ये टाकून जातात आणि चार वर्षांनी शोधत येतात. आमच्याकडे दोन पोती भरली आहेत. तुमची असेल तर गाडीचं मॉडेल आणि साल सांगून घेऊन जा.